सांगणे आणि विचारणे

डॉक्टरच्या हातून दोन प्रकारचे प्रमाद घडू शकतात. जे करू नये ते तो करतो, हा एक; आणि जे बोलायला हवे ते तो बोलत नाही, हा दुसरा. पहिल्या प्रमादाची चौकशी होते, वर्तमानपत्रांत बातमी येते, प्रसंगी न्यायालयात दादही मागता येते. दुसऱ्याची नोंद कोठेच होत नाही, कारण न बोललेल्या शब्दाला साक्षीदार नसतो. चाळिशीतली एखादी स्त्री आजारी पडते, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असताना दवाखान्यात कोणी गप्प राहिले होते, हे कोणाला आठवणार? तथापि पवित्र मिस्साच्या आरंभी आपण केवळ केलेल्या कृत्यांबद्दल क्षमा मागत नाही. कर्तव्यात केलेल्या कसुरीबद्दलही मागतो. म्हणजे न केलेल्या गोष्टींचाही हिशेब असतो, हे आपण दर रविवारी मान्य करीत असतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस निघाल्याला आता वीस वर्षे होत आली. या काळात या लसीबाबत डॉक्टरांची जी वृत्ती ठिकठिकाणी दिसून आली, तिचा विचार करताना वरील दुसऱ्या प्रमादाकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण तो मुळात नीतीचा आहे. एखादी गोष्ट हितकारक आहे अशी डॉक्टरची खात्री असेल, तर ती आईवडिलांना स्पष्टपणे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, की तो त्यांच्या अधिकारातील हस्तक्षेप ठरतो?

प्रथम रोगाविषयी थोडे सांगायला हवे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. तो होतो 'एचपीव्ही' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूमुळे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ साली या विषाणूचे सोळा व अठरा क्रमांकाचे प्रकार या रोगाच्या गाठींत शोधून काढले आणि त्या शोधाबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन प्रकारांमुळेच सुमारे ७० टक्के रोगी होतात. विषाणूचा संसर्ग मात्र अतिशय सर्वसाधारण आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी रोगाचे रूप घेतो.

लसीला २००६ साली अमेरिकेत आणि २००८ साली भारतात मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली व २०२३ च्या प्रारंभी तिचे उद्घाटन झाले. लसीचा परिणाम काय होतो, हेही आता अनुमानावर राहिलेले नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी ती टोचण्यात आली, त्यांच्यात या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमध्ये याच वयात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलींत या रोगाची एकही केस आढळली नाही, असे २०२४ सालचा अहवाल सांगतो.

मात्र या लसीची एक अडचण आहे. शरीरात शिरलेला विषाणू ती घालवू शकत नाही; तो शिरण्यापूर्वीच ती दिलेली बरी. म्हणून तिचे योग्य वय नऊ ते चौदा. आणि विषाणू पसरतो शरीरसंबंधातून. साहजिकच, जी मुलगी अजून खेळण्यांचा पसारा आवरायला शिकत आहे, तिच्या आईवडिलांशी डॉक्टरला अशा रोगाविषयी बोलावे लागते, ज्याचे मूळ तिच्या दूरच्या वैवाहिक आयुष्यात असू शकते. येथेच त्याची जीभ अडखळते.

हे अडखळणे नवे नाही. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने व्हेरोना शहरातील अनेक दशकांच्या मृत्युनोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक आणि मठातील धर्मभगिनींत विरळा, असे त्याला आढळले. पुढच्या संशोधनाची ही एक पायरी ठरली. पण त्यातून लोकांनी एक चुकीचा अर्थही काढला. हा रोग म्हणजे सैल वागणुकीचे फळ, असा समज रूढ झाला. वस्तुतः व्हेरोनाच्या त्या नोंदी नीट वाचल्या तर त्या उलट साक्ष देतात. त्यांत धर्मभगिनींच्या समोर उभ्या होत्या त्या चारचौघींसारख्या संसारी स्त्रिया, बायका आणि माता. आयुष्यभर एका पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही हा विषाणू पतीकडून येऊ शकतो, त्या पतीला तो लग्नापूर्वी कधी लागला हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा ही लस मुलीच्या चारित्र्यावरचा अभिप्राय नव्हे. ज्या जगात तिला संसार करायचा आहे, त्या जगाविषयीची ती सावधगिरी आहे.

डॉक्टरांना हे सारे ठाऊक असते. तरीही ते कसे वागतात, याचा अमेरिकेत पद्धतशीर अभ्यास झाला आहे. तेथील ७७६ डॉक्टरांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे २७ टक्के डॉक्टर या लसीची ठामपणे शिफारस करीत नव्हते. मुलींच्या बाबतीत सुमारे चौथा हिस्सा डॉक्टर योग्य वयात विषय काढत नव्हते. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की निम्म्याहून अधिक डॉक्टर मुलीला धोका कितपत आहे याचा स्वतःच अंदाज बांधून मग शिफारस करायची की नाही ते ठरवीत होते. म्हणजे समोरच्या कुटुंबाकडे पाहून 'ही चांगल्या घरातली दिसते, हिला काय गरज?' असा निवाडा मनातल्या मनात होत होता. चेहऱ्यावरून विषाणूचा अंदाज बांधण्याचे हे शास्त्र कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात नाही.

आपल्याकडचे वातावरण फार वेगळे नाही. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या लसपत्रकात ही लस केव्हाच घेतली आहे. पण पत्रकात असणे आणि डॉक्टरच्या तोंडी असणे यांत अंतर पडते. पालक काय म्हणतील, ही धास्ती असते. किमतीचाही संकोच असतो. २०२३ साली देशी लसीच्या एका मात्रेची किंमत सुमारे दोन हजार रुपये होती आणि परदेशी लस त्याहून महाग. पण खरा अडसर विषयाचाच असावा, असे मानायला जागा आहे. हेपटायटिस बी या काविळीचा विषाणूदेखील शरीरसंबंधातून पसरू शकतो. तरीही तिची लस जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत टोचताना कोणाही डॉक्टरला लाज वाटत नाही, की कोणी आईबाप त्यात बाळाच्या भावी वर्तनाचा संशय वाचत नाहीत. एका लसीपाशी जो सहजपणा असतो तो दुसरीपाशी नाहीसा होत असेल, तर कारण लसीत नसून आपल्या मनात आहे.

या संकोचाला एक सभ्य पोशाख मिळाला आहे. 'लस आहे. घ्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा,' असे डॉक्टर म्हणतो आणि आपण पालकांच्या स्वातंत्र्याचा मान राखला, असे समाधान मानतो. हा मान खरा आहे का? त्याच पालकांना तो न्यूमोनियाच्या मुलासाठी 'प्रतिजैविके आहेत, तुम्हीच ठरवा' असे म्हणत नाही. तेथे तो आपले मत सांगतो, कारणे सांगतो, मग त्यांचा होकार घेतो. ज्ञान असलेल्या माणसाने ज्ञान नसलेल्याला निवड करायला सांगून स्वतः बाजूला होणे हा आदर नव्हे. निर्णयाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळे होणे आहे ते. ऐकणाऱ्यालाही हा सूर बरोबर कळतो. डॉक्टरच ठामपणे सांगत नाही, तर काहीतरी पाणी मुरत असणार, असा अर्थ तो घेतो. तटस्थता म्हणून उच्चारलेले वाक्य नकार म्हणून ऐकले जाते.

जपानची हकीकत याच संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित लसीकरणात दाखल झाली. काही मुलींना वेदना व हालचालींच्या तक्रारी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या आणि जून २०१३ मध्ये सरकारने लसीची सक्रिय शिफारस थांबवली. लसीवर बंदी घातली नाही, ती मोफतच राहिली. फक्त 'घ्या' असे सांगणे बंद झाले. लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली गेले. पुढे नागोया शहरातील सुमारे तीस हजार मुलींच्या पाहणीत त्या तक्रारींचा लसीशी संबंध दिसला नाही. तरीही शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. २०१३ ते २०१९ या काळातील खंडामुळे पुढे पाच हजारांच्या घरात अधिक मृत्यू होतील, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. कोणीही कोणाला अडवले नव्हते. फक्त शब्द मागे घेतला गेला होता.

एवढ्यावर थांबलो तर विषयाची एकच बाजू मांडल्यासारखे होईल. न सांगण्याने जशी हानी होते तशीच न विचारण्यानेही होते आणि त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना एका प्रकल्पाखाली ही लस देण्यात आली. त्यांतल्या कित्येक आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध जुळलेला दिसला नाही. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक, हिवताप अशी कारणे त्यांत होती. पण चौकशीत जे दुसरे उघडकीला आले ते लाजिरवाणे होते. खम्ममच्या तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील अहवालात या प्रकाराचे कडक शब्दांत वाभाडे काढले.

लस चांगली होती, हे या वागण्याचे समर्थन होऊ शकत नाही. रानातल्या पाड्यावर राहणारा बाप आपल्या मुलीच्या दंडात काय टोचले जाणार हे विचारण्याच्या योग्यतेचा नाही, असे कोणीतरी गृहीत धरले होते. पुढे मुलगी दगावल्याचे कळल्यावर त्या बापाच्या मनात जो संशय उभा राहिला, त्याला कोणताही वैद्यकीय अहवाल पुरा पडू शकत नाही. ज्याला आधी विचारले नाही, त्याला नंतर पटवता येत नाही.

शहरातल्या दवाखान्यातील मौन आणि खम्ममच्या कागदावरची अधीक्षकाची सही या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. एकीकडे डॉक्टर फार मागे सरतो, दुसरीकडे व्यवस्था फार पुढे घुसते. पण दोहोंच्या मुळाशी अवज्ञा एकच आहे: समोरच्या कुटुंबाला सत्य ऐकवून त्याच्याशी विचारविनिमय करता येईल, यावर अविश्वास. पहिला म्हणतो, यांना हे झेपणार नाही, म्हणून सांगत नाही. दुसरी म्हणते, यांना हे कळणार नाही, म्हणून विचारत नाही. सांगणे आणि विचारणे ही दोन वेगळी कर्तव्ये नाहीतच. ज्याला आपण माणूस मानतो त्याच्याशी खरे बोलण्याच्या एकाच कर्तव्याच्या त्या दोन बाजू आहेत. दोन्ही पाळता येतात, हेही दिसले आहे. २०१८ साली सिक्कीम राज्याने शिक्षक, डॉक्टर, पत्रकार व पालक यांना आधी विश्वासात घेऊन ही लस दिली आणि सुमारे ९७ टक्के मुलींपर्यंत ती पोहोचली.

आता आपल्या कुटुंबांच्या मनातील प्रश्नाकडे वळू. ही लस दिल्याने मुलांना मोकळीक दिल्यासारखे होणार नाही का? विवाहापूर्वीच्या शुचितेची जी शिकवण आपण घरात देतो, तिला ही सुई छेद देणार नाही का? कॅथलिक डॉक्टरांतही या बाबतीत एकवाक्यता राहिलेली नाही. अमेरिकेतील कॅथलिक डॉक्टरांच्या संघटनेने २००७ साली लस नैतिकदृष्ट्या ग्राह्य ठरवली आणि विरोध केला तो सक्तीला. केनियातील कॅथलिक डॉक्टरांच्या संघटनेने मात्र २०१९ साली तेथील लसीकरणालाच उघड विरोध केला. मोकळिकीच्या शंकेचा शोध घेण्यासाठी अमेरिकेत अटलांटा परिसरातील सुमारे १,४०० मुलींच्या वैद्यकीय नोंदी तपासण्यात आल्या. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलींत शरीरसंबंधाशी निगडित बाबींचे प्रमाण वेगळे आढळले नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

पण आकडे बाजूला ठेवले तरी तत्त्व उरतेच. कर्करोगाच्या धाकाने राखलेली शुचिता हा सद्गुण म्हणायचा का? आपला धर्म शुचितेची शिकवण देतो ती प्रेमाच्या व विवाहसंस्काराच्या थोरवीसाठी, रोगाच्या भयापोटी नव्हे. आणि समजा एखादे लेकरू पाऊल चुकले, तर त्याला मृत्यूची शिक्षा मोकळी ठेवावी, असे कोणत्या आईला वाटेल? उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील बापाने मुलाला परतण्याची वाट खुली ठेवली होती. घरी पोहोचण्यापूर्वीच तो मरावा अशी त्याने तजवीज केली नव्हती. आणखी एक शंका विचारली जाते, ती गर्भपेशींबद्दल. काही लसींच्या निर्मितीत गर्भपातातून मिळालेल्या पेशींची परंपरा आहे, हे खरे; पण आपल्याकडे मिळणारी देशी लस आणि परदेशी 'गार्डासिल' या दोन्ही किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या पेशींत तयार होतात. हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. डॉक्टरने हेही आपणहून सांगायला काय हरकत आहे?

डॉक्टरने शिफारस केलीच पाहिजे, असा याचा अर्थ घेऊ नये. काही डॉक्टरांचा या लसीवरील आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. गरीब देशाने एवढा पैसा लसीवर खर्च करण्यापूर्वी तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तपासणी का करू नये, असे ते विचारतात. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. आपल्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला; एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू तुलनेने निम्म्यावर आले, असे २००९ साली दिसून आले. लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणी चुकत नाही. मुलीसाठी लस आणि आईसाठी तपासणी, हा वाद 'हे की ते' असा नाहीच. पण ज्या डॉक्टरला शंका आहे त्याने ती कारणांसह बोलून दाखवावी. शंका ही मताची एक जात आहे, तिला उत्तर देता येते. मौनाला उत्तर देता येत नाही.

या साऱ्या इतिहासात एक ऋणही आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. २००९ सालीच देशातील काही केंद्रांत, त्यांत बार्शी व पुणे ही दोन होती, लसीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करणारा एक स्वतंत्र अभ्यास सुरू झाला होता. खम्ममच्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये तोही थांबवावा लागला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस व तपासणी चालू ठेवली. एका मात्रेनेही जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य करताना ज्या अभ्यासांचा आधार घेतला त्यांत हाही होता. जगातल्या गरीब मुलींसाठी लसीचा खर्च निम्म्यावर येण्याची वाट, अपुऱ्या राहिलेल्या त्या मात्रांनी मोकळी करून दिली. बार्शीच्या आसपासच्या ज्या मुलींनी हे ज्ञान जगाला मिळवून दिले, त्यांच्या गावातल्या आजच्या मुलीपर्यंत ते पोहोचवायचे कोणी? ज्याच्या हाती सुई आहे त्यानेच. आणि सुईआधी शब्दाने.

कॅथलिक परंपरा सद्सद्विवेकबुद्धीला मोठे स्थान देते. पण ही बुद्धी अंधारात चाचपडून कौल देण्यासाठी नाही. तिला माहितीने, विचाराने आणि प्रार्थनेने घडवावे लागते. आईवडिलांचा निर्णय त्यांचाच राहील आणि राहिला पाहिजे. मुलगीही बारा वर्षांची झाली की तिच्या वयाला साजेल अशा शब्दांत तिला सांगता येते, तिचे म्हणणे ऐकता येते. परंतु निर्णय घेणाऱ्याला निर्णयाचे साहित्य मिळाले नाही, तर स्वातंत्र्य हा नुसता शब्द उरतो. शोमरोन्याच्या दृष्टान्तातील याजक आणि लेवी यांनी वाटेवर पडलेल्या माणसाला इजा केली नव्हती. ते दुसऱ्या बाजूने निघून गेले, एवढेच.

डॉक्टर बोलत नसेल तर आपण विचारावे, हा मार्ग आपल्याला खुला आहेच. मुलीला नववे वर्ष लागले की तिच्या डॉक्टरांना सरळ प्रश्न करावा: ही लस तुम्ही सुचवाल का, आणि का? तुमच्या घरातील मुलीला दिलीत का? आईने स्वतःच्या तपासणीविषयीही त्याच वेळी विचारून घ्यावे. उत्तर 'हो' येवो वा 'नाही', कारणासह आले तर त्यावर घरी बसून विचार करता येईल. 'तुम्हीच ठरवा' असे आले तर नम्रपणे म्हणावे: ठरवणार आम्हीच आहोत, डॉक्टर, पण तुम्हांला जे ठाऊक आहे ते आधी आम्हांला सांगा.